गाइडमधला निळा रंग कोणत्या टेबलाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ट्रू स्ट्राइक नावाचा एक कॅन्ट्रिप, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणारा छोटा स्पेल (मंत्र) आहे. २०१४च्या पुस्तकात त्याचं काम असं: या पाळीतली मुख्य कृती, म्हणजे अ‍ॅक्शन खर्च करायची आणि पुढच्या पाळीतल्या पहिल्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज घ्यायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. अनुभवी खेळाडूंनी लिहिलेल्या गाइडांत अशा प्रत्येक निवडीचं मानांकन रंगाने केलेलं असतं. बहुतेक गाइडांनी त्याला लाल रंग दिलाय. लाल म्हणजे घेऊ नका, निळा म्हणजे जरूर घ्या. नवखा खेळाडू लाल पाहून पुढे सरकतो. तो लाल का, हे समजायला दोन ओळींचं गणित पुरतं. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल, तर दोन पाळ्यांत दोन साधे वार केल्यावर सरासरी १.३ वार लागतात. एक पाळी ट्रू स्ट्राइकवर घालवून दुसरीत एकच वार केला, तर दोन्ही फासे चुकण्याची शक्यता ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे सव्वाबारा टक्के. वार लागण्याची शक्यता पावणेअठ्ठ्याऐंशी टक्के झाली खरी, पण वार एकच. १.३च्या जागी ०.८८. वर त्याला कन्सन्ट्रेशनही लागतं, म्हणजे एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष, त्यामुळे आधीचा चांगला स्पेल सोडावा लागतो.

ज्याने हे गणित स्वतः केलं, त्याला अपवादही आपोआप दिसतो. दिवसातून एकदाच करता येणारा एखादा मोठा वार असेल आणि लढाई सुरू व्हायला एक पाळी मोकळी मिळत असेल, तर हाच लाल कॅन्ट्रिप उपयोगी पडतो. ज्याने फक्त रंग पाहिला, त्याच्यापर्यंत हा अपवाद पोहोचत नाही.

गाइड वाचून आणि व्हिडिओ पाहून कॅरेक्टर ऑप्टिमायझेशन शिकावं का, यावरून टेबलटॉप रोलप्लेइंग खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, असे आयते बिल्ड, म्हणजे कॅरेक्टरचे तयार आराखडे, खेळाचा जीव घेतात, ते घेऊन येणारे खेळाडू टेबलावर नकोतच. दुसऱ्याचं म्हणणं, गणित कोणीतरी आधीच सोडवलंय, उत्तर उचला आणि खेळा. मला दोन्ही पटत नाही. ऑप्टिमायझेशन हे शिकण्याजोगं कौशल्य आहे आणि गाइड हे ते शिकण्याचं चांगलं साधन आहे. पण गाइडमधलं प्रत्येक मानांकन एका ठरावीक टेबलापुरतं, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या एका गटापुरतं खरं असतं. ते टेबल कोणतं, हे लिहिणाऱ्याने सांगितलं पाहिजे आणि त्याने सांगितलं नसेल तर वाचणाऱ्याने शोधून काढलं पाहिजे. हे झालं नाही, तर तेच मानांकन आपल्या टेबलावर उलटं पडू शकतं.

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात, डंजन मास्टर म्हणजे डीएम बाकीचं जग चालवतो. कॅरेक्टरला सहा गुणांक असतात (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विझ्डम, कॅरिस्मा), फायटर किंवा विझार्डसारखा एक क्लास, म्हणजे पेशा असतो, पहिल्या ते विसाव्या लेव्हलपर्यंत त्याची वाढ होते, आणि वाटेत स्पेल, फीट (जादा कसब), मल्टिक्लास (दोन क्लासचं मिश्रण) अशा निवडी कराव्या लागतात. या निवडी एकमेकींशी जुळवून कॅरेक्टर आपलं काम जास्तीत जास्त चांगलं करेल असं बनवणं, हे झालं ऑप्टिमायझेशन.

गाइडांबद्दल आधी चांगलं बोलायला हवं, कारण ती आली ती एका खऱ्या अन्यायावर उपाय म्हणून. हा खेळ १९७४ साली आला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत निवडींची संख्या प्रचंड वाढली आणि त्यातल्या काही निवडी मुद्दाम इतरांपेक्षा सरस ठेवलेल्या होत्या. त्या आवृत्तीच्या रचनाकारांपैकी मॉन्टी कुक यांनी पुढे स्वतःच लिहिलं, की नियमांवर प्रभुत्व मिळवणाऱ्याला बक्षीस मिळावं असा त्यामागे विचार होता. आणि निवड कधी उपयोगी व कधी निरुपयोगी हे पुस्तकाने उघड सांगायला हवं होतं, असंही त्यांनी मान्य केलं. जे पुस्तकाने सांगितलं नाही ते गाइडांनी सांगितलं. ट्रीएन्टमंक या नावाने लिहिणाऱ्या लेखकाचं तिसरीच्या सुधारित ‘साडेतीन’ आवृत्तीतल्या विझार्डवरचं (जादूगारावरचं) गाइड त्यातलं गाजलेलं. विझार्डने आगीचे गोळे फेकण्यापेक्षा रणांगणाचा आकार बदलावा, शत्रूंना तोडावं, मित्रांना बळ द्यावं आणि जिंकण्याचं काम त्यांच्यावर सोडावं, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यातही रंग होते, पण प्रत्येक रंगामागे कारण होतं, आणि ते कारण खोडून काढता येईल इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पाचव्या आवृत्तीतही असे खड्डे आहेत. २०१४च्या पुस्तकातल्या बीस्ट मास्टर रेंजरचा प्राणी हल्ला करतो तो रेंजरची अ‍ॅक्शन घेऊन. म्हणजे सोबत लांडगा असला तरी सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये एका पाळीत वार एकच, एक तर तुमचा नाही तर त्याचा. लांडगा हवा म्हणून रेंजर निवडलेल्या मुलाला हे तिसऱ्या लेव्हलला पोहोचल्यावर कळतं आणि त्याचा विरस होतो. २०२०च्या पुस्तकात यावर पर्यायी प्राणी आले, ते पाळीत मिळणाऱ्या जादा छोट्या कृतीवर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर चालतात. ही माहिती गाइडने त्या मुलाला आधीच दिली, तर गाइडने त्याचं भलंच केलं. ऑप्टिमायझेशन करणारा खेळाडू कॅरेक्टरच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करतो, हा आरोपही टिकत नाही. चांगलं बनवलेलं कॅरेक्टर आणि चांगलं वठवलेलं कॅरेक्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीमुळे दुसरी कमी होत नाही. खेळाडूंमध्ये या चुकीच्या तर्काला ‘स्टॉर्मविंड फॅलसी’ असं नावच पडलंय.

तक्रार आहे ती गृहीतकांबद्दल. सगळ्यात मोठं गृहीतक म्हणजे दिवस किती लांब. २०१४चं ‘डंजन मास्टर्स गाइड’ हे डीएमसाठीचं अधिकृत पुस्तक सांगतं, की एका दिवसात गट मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेलू शकतो आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) होतात. प्रत्यक्षात तीन-चार तासांच्या सेशनमध्ये एक, फार तर दोन लढाया होतात आणि मग सगळी कॅरेक्टर झोपून ताजीतवानी होतात. आता पाचव्या लेव्हलचा विझार्ड आणि पाचव्या लेव्हलचा वॉरलॉक शेजारी ठेवा. विझार्डकडे पहिल्या लेव्हलच्या स्पेलांसाठी चार, दुसऱ्याच्या तीन आणि तिसऱ्याच्या दोन, असे नऊ स्लॉट; एका स्लॉटने एक स्पेल. शिवाय शॉर्ट रेस्टनंतर दिवसातून एकदा तो तिसऱ्या लेव्हलचा आणखी एक स्लॉट परत मिळवू शकतो. वॉरलॉककडे फक्त दोन, पण दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे आणि प्रत्येक शॉर्ट रेस्टला भरून येणारे. दोन शॉर्ट रेस्ट असलेल्या लांब दिवसात वॉरलॉक तिसऱ्या लेव्हलचे सहा स्पेल टाकतो, विझार्ड तीन. एकाच लढाईच्या दिवसात दोघेही दोन-दोन टाकतात आणि वर विझार्डच्या खिशात सात स्लॉट उरतात. क्लास तेच, पुस्तक तेच, फक्त डीएमची सवय बदलली आणि क्रम पालटला. ‘सर्वोत्तम क्लास’ अशा नावाच्या व्हिडिओत दिवस किती लांब धरलाय हे सांगितलं नसेल, तर त्या यादीला अर्थ नाही.

दुसरं गृहीतक सरासरीचं. इथे जरा थांबून एकच उदाहरण नीट पाहू, कारण जवळपास प्रत्येक मारामारीवाल्या बिल्डच्या व्हिडिओत ते असतं. २०१४चं ग्रेट वेपन मास्टर हे फीट असं आहे: वार करण्याआधी ठरवायचं, की फाशातून ५ वजा करणार, वार लागला तर डॅमेजमध्ये १० मिळवायचे. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, स्ट्रेंग्थ १८, म्हणजे मॉडिफायर (गुणांकामुळे फाशात मिळणारा आकडा) ४, प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) ३, एकूण हल्ल्याला अधिक ७. हातात ग्रेटसोर्ड, दोन सहाबाजूंचे फासे, सरासरी ७, अधिक ४, म्हणजे ११. वार लागण्याची शक्यता काढायची तर २१मध्ये हल्ल्याचा बोनस मिळवा, शत्रूचा आर्मर क्लास (त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) वजा करा आणि २०ने भागा. आर्मर क्लास १५ असेल तर १३ भागिले २०, म्हणजे ६५ टक्के. ०.६५ गुणिले ११ झाले ७.१५, त्यात क्रिटिकलचे (फाशावर २० आला की शस्त्राचे फासे दुप्पट) ०.०५ गुणिले ७, म्हणजे ०.३५ मिळवा. एका वाराचे साडेसात, दोन वारांचे १५. आता फीट वापरून: शक्यता ४० टक्के, डॅमेज २१, एका वाराचे ८.७५, दोन वारांचे साडेसतरा. फीट जिंकलं. आर्मर क्लास १३ असेल तर १७.२ विरुद्ध २१.७, आणखी मोठा फरक. १७ला १२.८ विरुद्ध १३.३, जेमतेम. १८ला ११.७ विरुद्ध ११.२, इथे उलटलं. पण त्याच १८ला अ‍ॅडव्हांटेज असेल तर १७.९ विरुद्ध १९.७, पुन्हा फीट पुढे. एवढं एकदा कागदावर मांडलं, की टेबलावर कधी वजा ५ घ्यायचे हे पाठ करावं लागत नाही.

आता गंमत अशी, की हे सगळं बरोबर असूनही खेळताना चूक होऊ शकते. समोर गॉब्लिन आहे. २०१४च्या पुस्तकात त्याचा आर्मर क्लास १५, हिट पॉइंट (एवढं डॅमेज झालं की मेला) ७. आपला तक्ता म्हणतो, १५ला फीट वापरा. पण साध्या वाराने या तलवारीचं कमीत कमी डॅमेज ६ आणि दोन्ही फाशांवर एक-एक आला तरच ते ६ राहतं. एरवी ७ किंवा जास्त. म्हणजे साधा वार लागला की गॉब्लिन मेलाच, छत्तीसपैकी पस्तीस वेळा. साध्या वाराने तो मरण्याची शक्यता साधारण ६३ टक्के, फीट वापरून ४०. सात हिट पॉइंटच्या शत्रूवर २१ डॅमेज करून वरचे १४ कुठेच जात नाहीत. डॅमेज पर राउंडचा, म्हणजे पाळीमागे सरासरी डॅमेजचा आलेख हा न संपणाऱ्या हिट पॉइंटच्या पुतळ्यावर मोजलेला असतो. खेळाडू याला ‘व्हाइट रूम’ म्हणतात: रिकामी पांढरी खोली, समोर एक शत्रू, ना आडोसा, ना अंतर, ना दुसरा कोणी. त्या खोलीतलं गणित शिकायला उत्तम आहे. अडचण येते ती खोलीतला निकाल थेट खेळात आणल्यावर.

व्हिडिओत याच जागी आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे तयारीची पाळी. दोन हातांत दोन शस्त्रं आणि हंटर्स मार्क (शत्रूवर खूण करून जादा डॅमेज देणारा स्पेल) घेतलेला रेंजर आलेखात छान दिसतो. पण २०१४च्या नियमांत डाव्या हाताचा वार बोनस अ‍ॅक्शनवर आणि हंटर्स मार्कही बोनस अ‍ॅक्शनवर. पाळीला बोनस अ‍ॅक्शन एकच. पहिल्या पाळीत मार्क लावला की डावा हात रिकामा. शत्रू मेला की मार्क हलवायला पुन्हा एक बोनस अ‍ॅक्शन. तीन पाळ्यांत संपणाऱ्या लढाईत डाव्या हाताचे तीन वार धरले असतील, तर हातात एक किंवा दोनच पडतात. व्हिडिओ पाहताना तो थांबवून विचारायचा प्रश्न एवढाच: हा आकडा पहिल्या पाळीचा आहे, की सगळं लावून झाल्यानंतरच्या पाळीचा?

तिसरं गृहीतक मोहिमेच्या लांबीचं. विसाव्या लेव्हलचा बिल्ड दाखवणारा व्हिडिओ बघायला मजा येते, पण बहुतेक मोहिमा दहाव्या लेव्हलच्या आतच संपतात. पॅलाडिनच्या दोन लेव्हल घेऊन पुढे सगळ्या सॉर्सररच्या, हा लोकप्रिय बिल्ड पाचव्या लेव्हलला पाहा. पॅलाडिन २, सॉर्सरर ३. साधा पॅलाडिन किंवा फायटर या लेव्हलला दोन वार करायला लागतो, याचा वार एकच. साधा सॉर्सरर या लेव्हलला फायरबॉल टाकतो, म्हणजे आठ फासे, सरासरी २८. याला फायरबॉल मिळणार सातव्या लेव्हलला. दोन्हीकडून मागे. दर आठवड्याला खेळणाऱ्या गटातही ही मधली लेव्हल काढायला महिना-दोन महिने सहज जातात आणि तेवढा वेळ हा खेळाडू आपल्या ‘जबरदस्त’ बिल्डने इतरांच्या मागे उभा असतो. म्हणून बिल्ड पाहताना शेवटची लेव्हल बघू नका. तिसरी, पाचवी आणि आठवी बघा.

लांबीचा परिणाम किती बारीक असतो याचं आणखी एक उदाहरण. कन्सन्ट्रेशन टिकवायला विझार्डने वॉर कास्टर हे फीट घ्यावं की रेझिलिअन्ट, हा व्हिडिओंतला नेहमीचा वाद. फटका बसला की कन्सन्ट्रेशन टिकवायला सेव्ह करावा लागतो, म्हणजे फासा टाकून ठरलेला आकडा गाठावा लागतो. डॅमेज २१पर्यंत असेल तर सेव्ह १०चा. कॉन्स्टिट्यूशन १५, मॉडिफायर २, काहीच फीट नाही: ६५ टक्के. वॉर कास्टरने अ‍ॅडव्हांटेज मिळतो: ८७.७५. रेझिलिअन्टने कॉन्स्टिट्यूशन १६ होतं आणि प्रोफिशियन्सी मिळते: पाचव्या लेव्हलला अधिक ६, म्हणजे ८५. नवव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी वाढते आणि रेझिलिअन्ट ९०वर जातं, तेराव्याला ९५वर. वॉर कास्टर तिथेच. म्हणजे केवळ या सेव्हपुरतं बोलायचं तर उत्तर मोहीम कुठे संपणार यावर आहे. (रेझिलिअन्ट विषासारख्या इतर कॉन्स्टिट्यूशन सेव्हलाही उपयोगी पडतं, हा त्याचा वेगळा फायदा.) आणि एका पाळीत तीन फटके बसले तर ८५ टक्क्यांचा माणूसही तिन्ही वेळा टिकण्याची शक्यता ६१च टक्के उरते, फीट नसलेल्याची २७. भिंतीच्या आड उभं राहणं दोन्ही फीटांपेक्षा स्वस्त पडतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते गटाबद्दल. गाइड एका कॅरेक्टरचं असतं, खेळ गटाचा असतो. वरचाच ग्रेटसोर्डवाला फायटर घ्या, आर्मर क्लास १५, वजा ५ घेऊन ४० टक्के. क्लेरिकने ब्लेस टाकला: प्रत्येक वाराला चारबाजूंचा फासा, सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. २१ डॅमेजवर साडेबारा टक्के म्हणजे वाराला साधारण २.६, पाळीला सव्वापाच, तीन पाळ्यांत पावणेसोळा. हे एकट्या फायटरचं. ब्लेस तिघांवर जातो आणि त्यांच्या सेव्हलाही लागू होतो. त्याच पहिल्या लेव्हलच्या स्लॉटने आणि त्याच एका अ‍ॅक्शनने क्लेरिकने गायडिंग बोल्ट मारला असता, तर सरासरी साधारण १० डॅमेज आणि पुढच्या एका वाराला अ‍ॅडव्हांटेज. क्लेरिकच्या डॅमेजच्या आलेखात ब्लेसची नोंद शून्य. फायटरच्या आलेखातही त्याचं नाव नाही. टेबलावर मात्र पारडं त्याच्याकडे झुकतं.

उलट दिशेनेही हेच. पाच जणांत चौघांचा आर्मर क्लास १५ आणि एकाने व्हिडिओ पाहून २३ केला. अधिक ७ने मारणारा राक्षस चौघांना ६५ टक्के वेळा लागतो, त्याला २५. डीएमला वाटतं, या एकाला काहीच होत नाही. तो राक्षसाचा बोनस १२ करतो. आता तेविसाला ५० टक्के, आणि बाकीच्या चौघांना ९०. किंमत चुकवली ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनी. यावर ‘मिनमॅक्स करणाऱ्याला (एकच आकडा टोकाला नेणाऱ्याला) हाकला’ हा उपाय नव्हे. डीएमने बोनस वाढवण्याऐवजी डेक्स्टेरिटी किंवा विझ्डमचा सेव्ह मागणारे शत्रू आणले की तिथे तो २३ कामालाच येत नाही. आणि त्या खेळाडूने आपली जास्तीची ताकद इतरांपुढे उभं राहून त्यांचे फटके अडवण्यात लावली, तर अख्खा गट फायद्यात राहतो. मात्र हे त्याला सुचायला हवं असेल, तर बिल्ड दाखवणाऱ्याने ते सांगायला हवं.

स्पेलांच्या रंगांतही गट आणि मोहीम दडलेली असते. हिप्नॉटिक पॅटर्नला सगळीकडे सर्वोच्च रंग मिळतो आणि एरवी तो योग्यच आहे: तीस फुटांच्या घनात सापडलेले शत्रू विझ्डम सेव्ह चुकले की ठप्प. पण तो चार्म करून, म्हणजे मोहिनी घालून काम करतो. गोलेम, जिवंत चिलखतं, भुतं यांना चार्म होतच नाही. अशा शत्रूंनी भरलेल्या किल्ल्यात तुमचा सर्वोच्च रंगाचा स्लॉट वाया गेला. आणि डॅमेज झालं की ठप्प झालेला जागा होतो. म्हणून पुढच्याच पाळीत दुसऱ्या मित्राने त्याच घनात फायरबॉल टाकला, तर वाचलेले सगळे उठून उभे. असे दोन स्पेल घेणाऱ्या दोन खेळाडूंनी आपसांत बोलून ठेवायला हवं. हे वाक्य फार थोड्या गाइडांत सापडतं.

आणि आवृत्तीचा घोळ. २०२४ साली खेळाडूंचं पुस्तक नव्याने आलं, आकडा मात्र पाचवाच राहिला. त्यामुळे दहा वर्षांची जुनी गाइडं आणि नवे व्हिडिओ एकाच शोधात शेजारी शेजारी येतात. नव्या पुस्तकात ग्रेट वेपन मास्टरचं वजा ५ अधिक १० गेलं, त्या जागी डॅमेजमध्ये प्रोफिशियन्सी मिळते. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट स्पेल झाला आणि बोनस अ‍ॅक्शन मागू लागला. सबक्लास (क्लासची उपशाखा) सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, म्हणून वॉरलॉकची एक लेव्हल घेऊन त्याचा हेक्सब्लेड हा सबक्लास मिळवण्याची जुनी युक्ती संपली. जखमा भरणारा क्युअर वूंड्स एका फाशाऐवजी दोन फासे देतो, त्यामुळे ‘लढाईत बरं करत बसू नका’ हा जुना सल्ला पुन्हा तपासायला हवा. ट्रू स्ट्राइकही पार बदललाय, आता तो त्याच पाळीत शस्त्राचा वार करतो आणि लाल राहिलेला नाही. व्हिडिओ कोणत्या नियमांचा हे ओळखायची खूण सोपी आहे: गुणांक वाढतात ते वंशामुळे की बॅकग्राउंडमुळे? वंशामुळे असतील तर २०१४, बॅकग्राउंडमुळे असतील तर २०२४. त्यातही २०१४च्या पुस्तकात फीट आणि मल्टिक्लास हे दोन्ही ऐच्छिक नियम आहेत, डीएमने परवानगी दिली तरच. गाइडं मात्र ते धरूनच चालतात.

मग शिकायचं कसं? आधी गाइड बाजूला ठेवून एक कॅरेक्टर स्वतः बनवा. पुस्तकं आपल्याकडे महाग पडतात, पण मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. शिकायला तो पुरेसा आहे. पॉइंट बायने, म्हणजे पॉइंट खर्चून गुणांक घेण्याच्या पद्धतीने सुरुवात करा. २७ पॉइंट, ८ फुकट, १३पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, १४ला एकूण ७, १५ला ९. व्हिडिओंत पुष्कळदा १५, १५, १५, ८, ८, ८ अशी मांडणी दिसते. ९ गुणिले ३, बरोबर २७. आता मॉडिफायर लिहा. १५चा अधिक २, १४चाही अधिक २. वंशाचे दोन बोनस दोन १५ना लावून ते १६ केले, तर तिसरा १५ विषमच राहतो, त्याच्यावर दोन पॉइंट फुकट गेले. फायटरची डेक्स्टेरिटी १४ करा, मध्यम चिलखताला तेवढीच लागते, आणि ते दोन पॉइंट विझ्डमवर टाका: ८ची १० झाली, उणे १चा शून्य. होल्ड पर्सनसारखा स्पेल विझ्डमवरच येतो, आणि त्यात अडकलेल्याला पाच फुटांवरून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल असतो. तिसऱ्या १५चा बेत कधीतरी अर्धं फीट (गुणांकही एकने वाढवणारं फीट) घेऊन तो १६ करायचा असेल तर वेगळं. पण मग ते फीट कितव्या लेव्हलला येणार, हेही लिहून ठेवा.

त्यानंतर तीन आकडे कागदावर असू द्या: आर्मर क्लास १५च्या शत्रूवर आपला वार लागण्याची शक्यता, एका पाळीचं सरासरी डॅमेज, आणि १५च्या विझ्डम सेव्हला आपण टिकण्याची शक्यता. मग डीएमला विचारा. दिवसात साधारण किती लढाया, शॉर्ट रेस्ट मिळतात का, मोहीम कुठल्या लेव्हलपर्यंत जाईल, कोणती पुस्तकं चालतील, शत्रू मुख्यतः कशा प्रकारचे. शत्रूंबद्दल तो सगळं सांगणार नाही, सांगूही नये, पण ‘प्रेतं आणि यंत्रं बरीच आहेत’ एवढं तरी सांगेल. आणि इतर खेळाडू काय घेतायत तेही विचारा. आता गाइड उघडा. प्रत्येक ठळक शिफारशीपुढे एकच नोंद करा, ही कशामुळे खरी ठरते. जिथे कारण सापडत नाही ती शिफारस सध्या बाजूला ठेवा. या क्रमाने गेलं तर तेच गाइड, तेच व्हिडिओ दुपटीने उपयोगी पडतात. क्रम उलटा केला, तर दहावीचं गणित गाइडातून पाठ केल्यासारखं होतं: आकडे बदलले की पेन थांबतं.

बनवणाऱ्यांकडूनही मागणी करायला हवी, आणि ती अवघड नाही. गाइडच्या डोक्यावर पाच-सहा ओळी: कोणत्या वर्षाचे नियम, कोणती पुस्तकं, ऐच्छिक नियम कोणते धरले, दिवसात किती लढाया आणि किती शॉर्ट रेस्ट, शत्रूचा आर्मर क्लास किती, बिल्ड कोणत्या लेव्हलला खऱ्या अर्थाने चालू होतो. प्रत्येक रंगापुढे एक वाक्य, तो कधी बदलेल याचं. व्हिडिओत आलेख दाखवताना पहिली पाळी वेगळी दाखवायची. मराठीतून हे काम अजून फार थोडं झालंय. जो कोणी करायला घेईल, त्याने इंग्रजी याद्यांचे रंग मराठीत आणण्यात वेळ घालवू नये. एक फायटर, एक गॉब्लिन आणि वरचं सूत्र घेऊन पहिल्या दहा मिनिटांत हिशोब फळ्यावर मांडावा, आणि मग त्याच फायटरच्या शेजारी ब्लेस टाकणारा क्लेरिक उभा करून तो पुन्हा मांडावा.